पावणेसहाचा बिघाड

३ तारीख, सोमवार

सर्व्हर गेला. शनिवारी दुपारी होस्टिंगवाल्यांचं ते मशीन कायमचं झोपलं आणि त्याच्याबरोबर मी सांभाळते त्या नऊच्या नऊ साइट झोपल्या. दोन दवाखाने, एक छापखाना, एक कुलपांचं दुकान, असे सगळे माझ्या नावानं बोटं मोडत होते. काल दिवसभर मी आणि होस्टिंगच्या मदतकक्षातली एक बाई मिळून नव्या मशीनवर माझा बॅकअप चढवत बसलो. मी किंचाळायचे, ती म्हणायची, "समजू शकते, मॅडम." मी तिचं नाव बर्फाची लादी ठेवलंय.

आज सगळ्या साइट उठून बसल्या. आईंचीसुद्धा. आई म्हणजे माझ्या सासूबाई. तीस वर्षं त्यांनी शिवणाचा क्लास चालवला. गुडघे दुखायला लागल्यावर क्लास बंद झाला आणि त्या नुसत्या खिडकीत बसायला लागल्या, तेव्हा मी त्यांना एक साइट काढून दिली. शिलाई मशीनचे आजार आणि त्यावरचे उपाय. दोरा का तुटतो, टाके का सुटतात, मशीन एकाच जागी का घिरट्या घालतं. तीनशे चाळीस लेख झालेत, आणि सगळे परत आलेत. एक फोटोसुद्धा हरवला नाही.

पण जिथे रोजच्या वाचकांचा आकडा दिसायचा, तिथे लाल अक्षरात एरर. मोजणी करणारं जे प्लगइन आहे, म्हणजे साइटला जोडलेला छोटा प्रोग्रॅम, त्याला आकडे साठवायचे त्याचे तक्तेच सापडत नाहीत.

का सापडत नाहीत ते मला ठाऊक आहे. कुणालाच सांगितलेलं नाही, डायरीला सांगते. दोन वर्षांपूर्वी बॅकअप फार जड व्हायला लागला म्हणून मोजणीचे तक्ते मी त्यातून वगळले होते. म्हटलं, कशाला हवेत, लेख महत्त्वाचे. मोठी शहाणी! सहा वर्षांचे आकडे गेले, आणि ते मी माझ्या हातानं घालवले.

आता आमच्या घरात सकाळी सव्वासहाला चहा होतो, आणि चहाबरोबर मी पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर उघडून कालचा आकडा मोठ्यानं वाचते. बाबा, म्हणजे सासरे, तो वहीत लिहितात. आई म्हणतात, "कोण बघतंय एवढं मेलं," आणि कान टवकारून ऐकतात. आज मी म्हटलं, "आकडा नाही." बाबांनी तारीख घातली, पुढे एक आडवी रेघ ओढली. "गाडी आली नाही," म्हणाले. एकतीस वर्षं बसडेपोत टाइमकीपर होते. न आलेल्या गाडीपुढे रेघच ओढायची असते म्हणे.

शनिवारी माझी गाडी आहे. नवरा दोन महिन्यांपूर्वी नव्या नोकरीवर गेला, तिकडे भाड्याचं घर घेतलंय, गॅसही आलाय, मी तेवढी यायची आहे. माझं काम काय, कुठूनही होतं. पण आज चहाच्या वेळी मी बोलून बसले, "ही मोजणी दुरुस्त केल्याशिवाय मी हलणार नाही." अपराधी मनाला तोंड फार असतं.


४ तारीख, मंगळवार

दुरुस्तीची सुरुवात रीतसर केली. आधी सगळी प्लगइन बंद करायची, मग एकेक चालू करून कोण भांडतंय ते बघायचं. आई मागून म्हणाल्या, "एका वेळी एकच गोष्ट बदल. सुई बदललीस तर दोऱ्याला हात लावायचा नाही." त्यांच्या पहिल्या लेखातलं पहिलं वाक्य आहे ते. माझ्या धंद्यातल्या निम्म्या लोकांना ते कळत नाही.

आज नवल म्हणजे बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. हा माणूस कॉम्प्युटरला 'वीज खाणारं खोकं' म्हणतो. "म्हणजे हे दाबलं की बंद?"

"हो."

"आणि चालू करायला?"

"तिथेच परत दाबायचं."

"आणि दाबल्यानं मोडत नाही ना काही? आईचे लेखबिख?"

"नाही हो बाबा, नुसती मोजणी थांबते."

"असं," म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. म्हातारपणी माणसाला कशाकशात रस येतो.


६ तारीख, गुरुवार

नाकी नऊ आले. तक्ते नव्यानं बनवले तर प्लगइन म्हणे मी जुनं, हे मशीन नवं, आमचं जमायचं नाही. प्लगइन नवं केलं तर म्हणे मला ज्या फाइलीत लिहायचंय तिथे लिहायची परवानगी नाही. प्रत्येक कुलूप उघडलं की आत आणखी एक कुलूप. शेवटी बर्फाच्या लादीनं परवानगी दिली आणि चार वाजता आकडा हलला. एक. मग दोन. दोन नंबरची मीच होते.

मग मला राहवलं नाही. जुने आकडे गेले, आणि ते माझ्यामुळे गेले, हे दोघांना सांगून टाकलं. आई म्हणाल्या, "जाऊ दे गं, माणसं थोडीच गेली? आकडेच गेले."

बाबा उठले आणि आतून वह्या घेऊन आले. चार वह्या. सहा वर्षांचा एकेक दिवस. तारीख, आकडा, शेरा, असे तीन रकाने. मी बघतच राहिले. मी रोज आकडा वाचते आणि ते रोज लिहितात हे मी सहा वर्षं बघतेय, आणि या वह्या आहेत हे माझ्या डोक्यात आलंच नाही! डोळ्यांत पाणी आलं माझ्या. बाबांना ते आवडत नाही, म्हणून कॉम्प्युटरकडे तोंड फिरवलं.


८ तारीख, शनिवार

आजचं तिकीट बुधवारवर ढकललं. काल आणि आज बाबा वह्या वाचतायत आणि मी तक्त्यात भरतेय. "सत्तावीस. एकतीस. एकतीस. गाडी आली नाही. चाळीस."

मधेमधे ते शेरेही वाचतात, थांबवलं तरी थांबत नाहीत. 'सूनबाईस ताप. आकडा अंथरुणातून सांगितला.' 'सूनबाई माहेरी. आकडा फोनवर, सात मिनिटे उशिरा.' 'सूनबाईचा नवा चष्मा.' 'सूनबाई रुसलेली. आकडा हळू आवाजात.' मी म्हटलं, बाबा, वाचकांच्या मोजणीत माझा चष्मा कशाला? तर म्हणाले, "रकाना कोरा ठेवायचा नसतो." डेपोची सवय, दुसरं काय.


९ तारीख, रविवार

झालं! सहा वर्षांचे आकडे जागेवर. आणि मी आणखी एक झकास सोय करून ठेवली. आता रोज सकाळी सव्वासहाला कालचा आकडा आपोआप दोघांच्या मोबाइलवर जाईल. मी नसले तरी कुणाचं काही अडायला नको. बाबांना दाखवलं, "बघा, आता आकडा वाचायला माणूसच नको."

"छान," म्हणाले.

दुसरा कप तसाच ठेवून उठले. चहात साखर कमी पडली असावी, आज आईंनी केला होता.


१० तारीख, सोमवार

सव्वासहाला मेसेज नाही. बघते तर मोजणीचं प्लगइन बंद! एरर नाही, काही नाही, कुणी दिवा मालवावा तसं सरळ बंद. चालू केलं. बाबांनी रेघ ओढली.


११ तारीख, मंगळवार

पुन्हा बंद. उद्याचं तिकीट रद्द केलं. नवऱ्याला फोन केला तर म्हणतो, "तुझा सर्व्हर आधी की मी?" म्हटलं, सर्व्हर निदान एरर तरी दाखवतो, तुझं काय बिनसलंय ते मला चार दिवसांनी कळतं. मग हसला बिचारा. तिकडे एकटा जेवतो, मलाही वाईट वाटतंच की.

साइटवर कोण, केव्हा, काय करतं याची बारीकसारीक नोंद ठेवणारं आणखी एक प्लगइन बसवलंय. आता बघू चोर कसा सुटतो.


१२ तारीख, बुधवार

चोराची वेळ सापडली. पाच पंचेचाळीस. खातं माझंच, आणि तेही आमच्याच घरून!

लादीला फोन लावला. ती म्हणते, "मॅडम, तुमच्या घरातलं कोणी करत नाहीये ना?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, अहो बाई, घरात मी आणि दोन म्हातारी माणसं. पावणेसहाला मी घोरत असते, सासूबाईंना मेसेज उघडता येत नाही, आणि सासरे त्या वेळी दूध आणायला बाहेर पडतात. उगाच काहीतरी बोलू नका. ती म्हणाली, "समजू शकते, मॅडम."

पासवर्ड बदलला. बाबांनी विचारलं, "म्हणजे आता सगळ्यांना कुलूप?" म्हटलं, बाहेरच्यांना. आपल्या कॉम्प्युटरवर मी उघडंच ठेवलंय, दर वेळी कोण तो लांबलचक पासवर्ड टाइप करणार! "बरं केलंस," म्हणाले.


१४ तारीख, शुक्रवार

काल ५:४५. आज ५:४५. आता माझी खात्री पटली की हे माणसाचं काम नाही. सर्व्हर परत उभा करताना एखादा वेळ लावलेला प्रोग्रॅम आत राहून गेला असणार आणि तो माझ्या नावानं बटण दाबत असणार. माणूस कसा, कधी त्रेचाळीसला करेल, कधी पन्नासला करेल. तिन्ही दिवस मिनिटाच्या काट्यावर? असा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

हे सगळं मी चहाच्या वेळी समजावून सांगत होते तर आईंना एकदम ठसका लागला. तोंडावर हात धरून आत पळाल्या. बाबा घड्याळाला किल्ली देत होते. म्हणाले, "घाई काय आहे? गाडीत खोट असली की ती मार्गावर सोडायची नाही. दुरुस्त होईपर्यंत डेपोतच ठेवायची."

किती समजूतदार माणूस आहे. माझं जाणं लांबतंय आणि हेच मला धीर देतायत.


१७ तारीख, सोमवार

सर्व्हरवरचे वेळ लावलेले सगळे प्रोग्रॅम एकेक करून तपासले. एकही पावणेसहाचा नाही. बुडत्याचा पाय खोलात.

आई भाजी निवडता निवडता म्हणाल्या, "दोरा तुटला की बायका दोऱ्याला शिव्या देतात. दुकान बदलतात, रंग बदलतात. सुई वाकलीय का ते कुणी बघत नाही, कारण ती रोज डोळ्यासमोर असते."

मी म्हटलं, आई, हे सर्व्हरचं आहे, मशीनचं नाही.

"नाही कशी? सगळं एकच असतं गं," म्हणाल्या. आता त्यांना काय समजावणार! पण मग माझ्या डोक्यावरून हात फिरवला त्यांनी, एकदम, कारण नसताना. म्हणाल्या, "तू जा हो. तिकडे तो एकटा आहे. इथलं मी बघते."


१९ तारीख, बुधवार

आज मी साडेपाचचा गजर लावून उठले. म्हटलं, चोर यायच्या वेळी सर्व्हरसमोरच बसायचं. अंधारात चाचपडत पुढच्या खोलीच्या दाराशी आले आणि तिथेच थांबले.

टेबलावरचा छोटा दिवा लागला होता. बाबा कॉम्प्युटरसमोर उभे. बसलेसुद्धा नव्हते. बाहेर जायचे कपडे, टोपी, दुधाची किटली डाव्या हातात. उजव्या हाताच्या एका बोटानं माउस धरला होता, गरम भांडं धरावं तसा. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होते. पंचेचाळीस झाले. दाबलं. वही उघडली, रेघ ओढली, वही मिटली. दिवा मालवला आणि चपला हातात घेऊन, माझी झोप मोडू नये म्हणून, अनवाणी बाहेर गेले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा!

आधी मला राग आला, लिहून ठेवते, चांगलाच आला. नऊ दिवस! त्या बिचाऱ्या लादीला मी काय काय बोलले! नवरा तिकडे करपलेलं खातोय! आणि मग मी त्यांची वही उघडली. दहा तारखेपासून रेघा. आणि प्रत्येक रेघेपुढे शेऱ्याच्या रकान्यात एकच वाक्य, रोज तेच, त्याच वळणदार अक्षरात. 'सूनबाई घरी.'

मी तिथेच खाली बसून रडले. असं कुणी माझ्यासाठी कधी काही बिघडवलं नव्हतं.

आई मागे येऊन उभ्या होत्या. "तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं. "या घरात पावणेसहाला दुसरं काय होतं गं?" त्या म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बघतेय मी त्यांचं पावणेसहा."

ते यायच्या आत मी परत अंथरुणात जाऊन पडले.


२० तारीख, गुरुवार

काल दिवसभर विचार केला. आज चहाला म्हटलं, "बाबा, ते मोबाइलवरचं मेसेजचं मी काढून टाकलं. बेभरवशाचं काम आहे. मला वेळेवर चालणारा माणूस पाहिजे."

बाबांनी कप खाली ठेवला.

"रोज सकाळी तुम्ही कॉम्प्युटर उघडायचा, आकडा बघायचा, वहीत लिहायचा आणि सव्वासहाला मला फोन करून सांगायचा. मी तिकडे चहा घेऊन बसलेली असेन."

"ड्यूटी?"

"ड्यूटी."

"आठवड्याची सुट्टी?"

"नाही."

"हं." मनगटावरच्या घड्याळात बघितलं. "आणि तो पावणेसहाचा बिघाड?"

"तो आता येणार नाही, असं वाटतंय."

"मलाही तसंच वाटतंय," म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता बिस्किटांची बशी माझ्यापुढे सरकवली. आई चुलीकडे तोंड करून खुदखुदत होत्या.

लादीला फोन करून माफी मागितली. "बिघाड सापडला का, मॅडम?" म्हटलं, हो, सर्व्हरचा नव्हता. पहिल्यांदाच ती हसली.


२३ तारीख, रविवार

बाबा स्टँडवर सोडायला आले. सात दहाची गाडी सात चौदाला सुटली. मी रडतेय आणि हे खिडकीखाली उभं राहून ड्रायव्हरला सुनावतायत, "चार मिनिटं! आमच्या वेळी शेरा मारला असता!" गाडी हलली तेव्हा त्यांनी खिशातून वही काढली. काय लिहिलं ते दिसलं नाही.


१ तारीख, सोमवार

नवं घर. खिडकीला पडदा नाही, नवऱ्यानं पातेली पुस्तकांच्या कपाटात लावलीत. सव्वासहाला फोन वाजला. 'कशी आहेस' नाही, 'जेवलात का' नाही. "एकशे चार."

"एकशे चार," मी म्हटलं.

"तिकडे थंडी आहे?"

"थोडी."

"शेऱ्यात लिहायला विचारलं," म्हणाले. फोन ठेवला. आठवडाभर असंच चाललंय, आणि नवराही आता सव्वाला दोन मिनिटं असताना जागा होतो. मला म्हणतो, "लहानपणी आम्हीही असेच उठायचो."


११ तारीख, गुरुवार

आज दुपारी सहज साइट उघडून बघितली आणि हात कपाळावर गेला. मोजणी सोमवारपासून बंद! चोर पकडायला मी जे बारीक नोंदी ठेवणारं प्लगइन बसवलं होतं, ते काढायला विसरले. त्यानं नोंदी करून करून सगळी जागा खाल्ली आणि मोजणीला लिहायला जागाच उरली नाही. मोठी फाइल आहे एक, पुसली की संपलं. पाच मिनिटांचं काम.

पण मग माझ्या लक्षात आलं. मंगळवारी बाबांनी सांगितलं, "सत्त्याण्णव." काल, "एकशे अकरा." आज, "एकशे दोन."

आईंना फोन लावला. त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "वहीत रेघा आहेत गं तीन दिवस. वहीत खोटं नाही लिहायचे ते, जीव गेला तरी. मी म्हटलं, अहो, तिला सांगा की बंद पडलंय. तर म्हणाले, सांगितलं तर धावत येईल. नुकतं घर लावलंय तिनं. पोराला आत्ता कुठे गरम जेवण मिळतंय."

एकतीस वर्षांत ज्या माणसानं एका गाडीचं एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही, तो रोज सकाळी फोनच्या त्या टोकाला उभा राहून माझ्यासाठी आकडे बनवत होता. आणि तेसुद्धा बेताचे, खरे वाटतील असे.

फाइल मी पुसली नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "शनिवारी सुट्टी आहे मला." मग बाबांना फोन लावला. ही काही आमची वेळ नव्हती, त्यामुळे ते दचकले.

"बाबा, सोमवारपासून मोजणी बंद आहे."

"असं? माझ्या लक्षात नाही आलं."

"मोठा बिघाड दिसतोय. इथून नाही व्हायचा. यावं लागेल आम्हाला."

त्यांना माहीत आहे. मी इथे बसून नऊ साइट चालवते हे त्यांना चांगलं माहीत आहे. फोनमध्ये घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. मग खोकले, आणि पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

"कितीची गाडी?"

"शनिवारी. इकडूनही सात दहाचीच आहे."

"म्हणजे सात चौदा धरायची. तीन तास. दहा चौदा," म्हणाले. "मी दहाला स्टँडवर असतो."